'काय देऊ?' विचारणाऱ्यांना काय सांगायचं: उन्हाळ्यातल्या लग्नाची गिफ्ट रजिस्ट्री

साखरपुडा झाला की महिन्याभरात मावशीचा फोन येतोच. "तुम्हाला काय देऊ गं? शोपीस वगैरे आणणार नाही हं मी." आपणही ठरलेलं उत्तर देतो, "काही नको मावशी, तू फक्त ये." मावशी रिकाम्या हाताने येणार नाही हे दोघींनाही माहीत असतं. मग ती लेमन सेट आणते. आत्याही लेमन सेटच आणते. ऑफिसच्या ग्रुपकडून भिंतीवरचं घड्याळ येतं, बाबांच्या मित्रांकडून आणखी दोन घड्याळं. रात्री हॉलवाला एकेक दिवा मालवायला लागतो तेव्हा घरातले दोन चुलतभाऊ घामाघूम होऊन ती खोकी टेम्पोत चढवत असतात.

मावशीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सोय म्हणजे गिफ्ट रजिस्ट्री. संसाराला काय काय लागणार आहे त्याची यादी नवरा-नवरीने आधी करून ठेवायची आणि जो विचारेल त्याला दाखवायची. एखाद्याने त्यातली वस्तू घेतली की तिच्यापुढे खूण होते, पुढच्या माणसाला ती दिसते आणि एकच वस्तू दोनदा येत नाही. शिकागोतल्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने 1924 मध्ये ही पद्धत सुरू केली. नवरी दुकानात जाऊन कपबश्यांची नक्षी आणि काटे-चमचे पसंत करून ठेवायची, पाहुणे त्यातलंच काहीतरी घ्यायचे. आपल्याकडेही वही असते, फक्त ती लग्नाच्या दिवशी भरली जाते. एक विश्वासू काका खुर्ची टाकून बसतात आणि कोणाचं पाकीट, कोणाचा डबा ते लिहून घेतात. रजिस्ट्री म्हणजे हीच आहेराची वही दोन-तीन महिने आधी उघडणं.

यातला तांत्रिक भाग अर्ध्या तासाचा आहे. अडतं ते "मागायचं कसं" इथे. हा संकोच जुनाट म्हणून उडवून लावू नका, त्यामागे तथ्य आहे.

यादी कोणाची, कोणासाठी

अमेरिकेतलं लग्न बरंचसं त्या दोघांचं असतं. आपलं लग्न दोन घरांचं असतं, आणि त्या दोन घरांमध्ये काय दिलं-घेतलं जातं यावर कायद्याची नजर आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार लग्नाच्या संदर्भात एका बाजूने दुसऱ्या बाजूला दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता हुंड्यात मोडते. मग ती लग्नाआधी दिलेली असो, लग्नात किंवा नंतर. हुंडा मागण्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद आहे. भेटवस्तूंना सूट आहे, पण ती न मागता दिलेल्या आणि यादीत नोंदवलेल्या वस्तूंना. नवरीकडून किंवा तिच्या नातेवाइकांकडून नवऱ्याला दिलेली भेट रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीला साजेशी असावी, अशीही अट आहे.

आता असं समजा की मुलाकडच्यांनी फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सोफा लिहिलेली एक छान रंगीत 'विशलिस्ट' मुलीच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवली. वर इंग्रजी नाव आहे म्हणून ती मागणी ठरत नाही असं नाही. म्हणून माझ्या मते पहिला नियम हा: यादी दोघांनी मिळून करायची आणि ती ना सासरी द्यायची, ना माहेरी. आई-वडील, सासू-सासरे, विहीण-व्याही हे सगळे यादीच्या बाहेर. यादी मित्रमैत्रिणींसाठी, ऑफिससाठी, आपापल्या भावंडांसाठी आणि स्वतःहून विचारणाऱ्या मावशी-काकांसाठी. साड्या, शेले, मानपान यांचे रुसवेफुगवे ज्यांचे त्यांनी काढावेत, ते कुठल्याही ॲपमध्ये बसत नाहीत.

याच कायद्याखालचे 1985 चे नियम फारसे कोणाला ठाऊक नसतात. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्याने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती लेखी करायची. तिच्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं असेल तर नातं लिहायचं, आणि खाली दोघांच्या सह्या. म्हणजे लग्नानंतरची यादी हा हौसेचा भाग नाही, ती ठेवायचीच आहे. रजिस्ट्री नीट ठेवली असेल तर हे काम बरंचसं झालेलंच असतं. काकांच्या वहीतली पाकिटं तेवढी उतरवायची. नवरीला मिळालेल्या वस्तू आणि दागिने हे तिचं स्त्रीधन आहे, आणि ते सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी मालकी तिचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून यादीत "दोघांसाठी" असं सरसकट लिहिण्याऐवजी कोणती वस्तू कोणाला आली ते वेगळं लिहिलेलं बरं. लग्नाच्या धामधुमीत हे कोरडं वाटेल. वाटू द्या.

काय लिहायचं, काय नाही

इथे घर कुठे आहे यावर सगळं अवलंबून. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधला नवा फ्लॅट, नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीतला दुसरा मजला आणि नवी मुंबईत खारघरमधलं अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवरचं भाड्याचं घर, या तिघांच्या याद्या एक असूच शकत नाहीत. यादी करायला बसण्याआधी मेजरिंग टेप घ्या. फ्रिजच्या कोनाड्याची रुंदी, ड्राय बाल्कनीची खोली, मुख्य दरवाजाची रुंदी, जिन्याचं वळण, आणि 16 अँपिअरचं सॉकेट कुठे कुठे आहे, एवढं लिहून काढा. फ्रंट लोड मशीन ड्राय बाल्कनीत बसतं, पण पुढे उभं राहून त्याचं दार उघडायला जागा उरत नाही, असं हमखास होतं. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. तुमच्या इमारतीत पाणी किती वेळ आणि किती दाबाने येतं, हे मशीन निवडण्याआधी शेजाऱ्यांना विचारा.

लग्न मे महिन्यातलं म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात एसी. द्यायलाही मोठा, पाच-सहा मित्रांना मिळून घेता येण्यासारखा. एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, 32 इंचांहून मोठ्या टीव्हीचं आणि डिशवॉशरचंही तसंच, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात धरून बसू नका. पण मित्र पैसे देतात ते खोक्याचे. बाहेरच्या युनिटचा स्टँड, ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त लागलेली तांब्याची नळी, पाणी जायचा पाइप आणि बसवणाऱ्याची मजुरी तुमच्या खिशातून जाते. बाहेरचं युनिट कुठे लावू द्यायचं याचे सोसायटीचे नियम असतात. आणि मे महिन्यात एसी बसवणारा माणूस मिळवणं हे मुहूर्ताचा हॉल मिळवण्याइतकंच कठीण. घर भाड्याचं असेल तर वर्षाने तो काढा, गॅस भरा, दुसरीकडे लावा, हा खर्च आहेच. एसी हवाच असेल तर तो यादीत सर्वात आधी टाका आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरी येईल असं बघा.

त्यापेक्षा मला पंखा आवडतो. लग्नात पंखा कोणी देत नाही, कारण तो दिसायला साधा. पण बीएलडीसी मोटरचा छताचा पंखा साधारण 30 वॉट खातो, जुन्या पद्धतीचा 75 च्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. तीन खोल्यांना तीन पंखे म्हणजे महावितरणच्या बिलात दिसण्याइतका फरक. तीन चुलत बहिणींनी एकेक घेतला तर कोणावर भार नाही, आणि यादीत मधल्या किमतीच्या वस्तूंची नेहमी वानवा असते ती भरून निघते.

उन्हाळ्यात लग्न झालं तरी संसार पावसाळ्यात सुरू होतो, हे यादी करताना विसरलं जातं. मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न, मग सत्यनारायण, मग फिरून येणं, आणि घर लावायला घेईपर्यंत बाहेर धो धो. ठाणे काय, नवी मुंबई काय, खाडीकाठची ही शहरं. चामड्याच्या बॅगेला, लाकडी फ्रेमला, कापसाच्या गादीला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. म्हणून कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, छताला ओढून घ्यायच्या दांड्या, हवाबंद डबे, दाराशी टाकायची चांगली पायपुसणी आणि मोठ्या छत्र्या यादीत बिनधास्त लिहा. हे पाचशे ते दोन हजारांतलं सामान कॉलेजच्या मित्रांना परवडतं, आणि जूनमध्ये तुम्ही रोज त्यांचं नाव काढता.

शेगडी लिहिणार असाल तर घरात सिलिंडर आहे की महानगर गॅसची पाइपलाइन, हेही लिहा. पाइपमधला गॅस कमी दाबाने येतो, त्यासाठी बर्नरचं जेट मोठ्या छिद्राचं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत नीट येत नाही, जेट बदलून घ्यावं लागतं. कुकर आणि शेगडीवर आयएसआय चिन्ह बघायचं, हे सांगायला नको.

समई, ताम्हण, निरांजन, देवाच्या मूर्ती, चांदीची वाटी यांतलं काही लिहू नका. ते येतंच, जोडीने येतं, आणि देणाऱ्याला ते स्वतःच्या मनाने द्यायचं असतं. सोनंही नको. देणारे देतात, तुम्ही फक्त दागिन्यावरच्या हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक आणि बिल जपून ठेवा.

किती वस्तू, कोणत्या किमतीच्या

समजा दीडशे घरांना पत्रिका गेल्या. त्यातली बरीच घरं पाकीट देणार, काही काहीच देणार नाहीत. यादी विचारणारी घरं तीस-चाळीस असतील. तेवढ्यांसाठी पन्नास-साठ वस्तू पुरतात. शेवटी विचारणाऱ्याला फक्त मिक्सर आणि वॉशिंग मशीन उरलेलं दिसलं तर त्याची पंचाईत होते, म्हणून थोडं जास्तीचं हवं. अर्ध्या वस्तू दोन हजारांच्या आत ठेवा. मोठ्या वस्तूचे भाग पाडा: 36,000 चा फ्रिज, प्रत्येकी 3,000 चे बारा वाटे. वाटा घेणाऱ्यांपैकी एकाने पैसे गोळा करून खरेदी करावी. तुम्ही स्वतः पैसे गोळा करू नका, त्यात वाईटपणा येतो आणि हिशेबही गोंधळतो.

किंमत लिहायची की नाही, यावर घरात मतभेद होतील. मी अंदाजे किंमत लिहा म्हणेन. देणाऱ्याला दुकानात जाऊन अवघडल्यासारखं होण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं. ब्रँडचा हट्ट मात्र दोन-तीन वस्तूंपुरताच ठेवा, बाकीच्या ठिकाणी माप आणि रंग लिहून सोडून द्या.

यादी ठेवायची कुठे

ऑनलाइन दुकानांच्या शेअर करता येणाऱ्या विशलिस्ट असतात. सोय चांगली आहे, पण एकाच दुकानात अडकायला होतं आणि साठीच्या पुढची मंडळी त्या वाटेला जात नाहीत. मला त्यातल्या त्यात गूगल शीट बरी वाटते: वस्तू, माप, अंदाजे किंमत, कुठे मिळेल, आणि 'घेतली' चा रकाना. एकच काळजी घ्या, सगळ्यांना संपादनाची परवानगी दिली तर कोणीतरी चुकून आख्खी ओळ उडवतं. पाहण्यापुरती लिंक द्या आणि खुणा करायचं काम एखाद्या चुलत बहिणीकडे सोपवा. नाव लिहून कोणी काय घेतलं हे सगळ्यांना दिसायलाही नको. नातेवाइकांत तुलना सुरू झाली की यादी राहते बाजूला.

तिसरी सोय सर्वात जुनी आहे. ठाण्यात गोखले रोड, जांभळी नाका किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये तुमचं ओळखीचं भांड्यांचं किंवा घरसामानाचं दुकान असेल तर मालकाशी बोला. यादीची एक प्रत त्याच्याकडे ठेवायची, आणि कोणी येऊन "अमक्यांच्या लग्नासाठी" म्हणालं की त्याने ती दाखवायची, विकलेल्या वस्तूवर काट मारायची आणि तुम्हाला फोन करायचा. सामान हॉलवर न पाठवता घरी पाठवायचं, आणि चिठ्ठी असेल तर बदलून द्यायचं, एवढं आधी बोलून ठेवा. डोंबिवलीच्या काकूंनी मे महिन्यात मिक्सरचं खोकं घेऊन ठाण्याला गाडी बदलायची आणि ट्रान्स हार्बरने वाशी गाठायची, हे त्यांच्याही गुडघ्यांना नको.

लिंक पाठवताना सध्या एक धोका आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, उघडली की फोनमध्ये घातक ॲप शिरतं आणि बँक खातं रिकामं होऊ शकतं. त्यामुळे तुमची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा, यादीची लिंक मोठ्या ग्रुपवर टाकू नका, आणि आजी-आजोबांना सांगून ठेवा की आमच्याकडून काहीही 'इन्स्टॉल' करायला येणार नाही. कोणी फसलंच तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

पत्रिकेवर यादीचा उल्लेख करायचा का? नाही. पत्रिकेवर यूपीआयचा क्यूआर कोडही नको, कितीही प्रघात पडला तरी. "कृपया आहेर आणू नये" असं छापलंत तर मग यादी फिरवणं शोभत नाही, दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. विचारणाऱ्याला व्हॉट्सॲपवर असं लिहिता येईल: "ताई, विचारलंस म्हणून सांगते. घर लावतोय, त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी एका ठिकाणी लिहून ठेवल्यात. त्यातलं काही घ्यावंसं वाटलं तर मला फक्त कळव, म्हणजे दुसरं कोणी तेच आणणार नाही. आणि काही नाही घेतलंस तरी मेंदीला आधी येऊन बस." मोठ्यांना लिंक पाठवूच नका. फोनवर दोन वस्तू सांगा, त्यातली एक स्वस्त. तरीही त्यांनी पाकीटच दिलं तर ते आनंदाने घ्यायचं.

पैशांच्या भेटी आणि कर

लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, मग ती रक्कम असो वा वस्तू, देणारा नातेवाईक असो वा मित्र, रक्कम कितीही असो. एरवी नात्याबाहेरच्यांकडून वर्षात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त आलं तर ते करपात्र होतं. ही सूट लग्न करणाऱ्या दोघांनाच आहे. मुलीच्या बाबांच्या खात्यात त्यांच्या मित्रांनी जमा केलेले पैसे या सवलतीत बसत नाहीत. भेटीची रक्कम मुदत ठेवीत टाकली तर तिच्यावरचं व्याजही करपात्रच. दुसरी मर्यादा रोखीची: एका व्यक्तीकडून एका प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरतुदी याच आहेत. पुढेमागे कोणी विचारलं तर दाखवायला पत्रिका आणि ती सही केलेली यादी एकत्र ठेवा.

कधी उघडायची, कधी मिटायची

बरेच आहेर लग्नात येतच नाहीत, केळवणाला येतात. पहिलं केळवण लग्नाच्या महिना-दीड महिना आधी होतं, आणि तिथे जेवायला बोलावणारी आत्या त्याच दिवशी भेट हातात ठेवते. म्हणून मे महिन्यातल्या लग्नाची यादी फेब्रुवारीच्या अखेरीला तयार हवी.

वस्तू लवकर आल्या की दोन अडचणी होतात. ऑनलाइन परतीची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही खोकं उघडल्यापासून नाही. मार्चमध्ये आलेलं मिक्सर जूनमध्ये पहिल्यांदा लावलं आणि भांडं गळतंय असं कळलं तर परतीचा रस्ता बंद झालेला असतो. आलं की उघडा, चालवून बघा, पुन्हा बांधून ठेवा. बिलाची प्रत मागायला लाजू नका. "किंमत बघायची नाहीये, वॉरंटीसाठी हवंय" असं सांगितलं की कोणी वाईट मानत नाही. पत्ता नव्या घराचा द्यायचा असेल तर ओटीपी कोणाच्या फोनवर येणार आणि सोसायटीत मोठं सामान कोणत्या वेळेत चढवू देतात, हे वॉचमनला विचारून यादीच्या वरच लिहून टाका.

2026 च्या पंचांगात 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात मुहूर्त नसल्याने लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटली आहेत. एसीवाला, टेम्पोवाला, सुतार सगळ्यांनाच एका वेळी मागणी, तेव्हा यादीतल्या बसवून घ्यायच्या वस्तू आधी आणि नुसत्या आणून ठेवायच्या वस्तू नंतर असा क्रम लावा. लग्न होतं न होतं तोच धोंड्याचा महिना लागतो, म्हणजे जावयाला जेवण, 33 अनारसे आणि सोबत ताट-दिव्याचं वाण. ताटं आणि दिवे यादीत आधीच लिहिले असतील तर खोडून टाका. अधिक महिना संपला की लिंक बंद करा, कारण त्यानंतर कोणी विचारलं तर काय उरलंय ते तुम्हाला तोंडपाठच असतं.